ओआरएसची पुडी : औषध उत्तम, सूचना तोकड्या

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या अडीच वर्षांच्या मुलाला रात्री उलट्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या उलटीनंतर मी रामबागेतून मेडिकल शोधत निघालो. ओआरएस (उलट्या-जुलाबांत शरीरातले पाणी भरून काढणारे मीठ-साखरेचे मिश्रण) मागताच दुकानदाराने सफरचंदाच्या चवीचे तयार पेय पुढे केले; पुडी हट्टाने मागून घ्यावी लागली. (जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास त्याच ऑक्टोबरमध्ये मनाई झाली, हे योग्यच झाले.)

पुडीतील मिश्रणाबद्दल तक्रार नाही. एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट, असे हे प्रमाण आहे. आतडे ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आणि त्यामागोमाग पाणी शोषून घेते. साखर फार झाली तर उलट पाणीच आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात.

खरी उणीव छपाईत आहे. ‘एक लिटर’ ही सूचना इतक्या बारीक अक्षरांत आहे, की आई अर्धी पुडी पेलाभर पाण्यात ढवळायला निघाली होती. तेवढे दाट पाणी लहान मुलाला घातक ठरू शकते. अखेर पिण्याच्या पाण्याची लिटरची रिकामी बाटली मापाला कामी आली. पाजावे कसे, याबद्दल तर पुडीवर अक्षर नाही. पहिल्यांदा आम्ही अर्धी वाटी पाजली आणि ती तशीच चादरीवर आली. फोनवर डॉक्टरांनी दहा मिनिटे थांबून दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचाच द्यायला सांगितले. पहाटे साडेचारला त्याने लघवी केली, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

उलटीचा रंग हिरवा आहे का, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता. हिरवी किंवा रक्ताची उलटी, सहा-आठ तास लघवी न होणे, मूल मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसले तर पुडीवर विसंबू नये. तान्ह्या बाळाला, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, दूध पाजल्यावर वारंवार जोराने फेकल्यासारखी उलटी होत असेल तर जठराचे तोंड आकुंचले असण्याची शक्यता असते, आणि तिथे ओआरएसचा उपाय नसून शस्त्रक्रियेचा असतो.

तयार द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे लागते. आमचे निम्मे वाया गेले, म्हणून लहान मुलांच्या घरी २०० मिलिलिटरची पुडीच घ्यावी.