सातबारा खरा, झोन दाखला अर्धा

आम्हाला दाखवलेला एकही कागद बनावट नव्हता. हे आधी सांगतो, कारण जमिनीतली फसवणूक म्हटलं की लोकांना खोटे शिक्के आणि तोतया मालक आठवतात, आणि सातबारा पडताळला की आपण सुटलो असं वाटतं. आमच्या बाबतीत सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याचं नाव होतं, फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) जुळत होते, इतर हक्कात बोजा, म्हणजे कर्ज वगैरे नव्हतं, वकिलाचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांची तपासणी) स्वच्छ होता. मालकी शंभर टक्के खरी होती. पण त्या जागेवर घराला परवानगी मिळणार नव्हती, आणि विकणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

जागा महापालिकेत नव्याने आलेल्या गावातली. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून दोन गुंठे घ्यायचं ठरलं होतं. एजंट गावातलाच, वडिलांना ‘काका’ म्हणणारा. झोनबद्दल, म्हणजे सरकारी आराखड्यात ती जागा घरांसाठी आहे की शेतीसाठी, हे वडिलांनी स्वतःहून विचारलं. त्याने लगेच नगररचना विभागाच्या झोन दाखल्याची झेरॉक्स व्हॉट्सॲपवर पाठवली. गट नंबर बरोबर, जावक क्रमांक बरोबर, शेवटच्या ओळीत ‘निवासी विभाग’ असं स्वच्छ लिहिलेलं. पुढे आम्ही अर्ज करून पूर्ण दाखला मिळवला तेव्हा कळलं, की ते वाक्य तिथे संपतच नव्हतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की गटाचा उरलेला भाग शेती विभागात असून काही क्षेत्र १८ मीटर रुंद विकास आराखडा रस्त्याने बाधित आहे (म्हणजे आराखड्यात तिथून रस्ता जाणार आहे), सोबतचा भाग नकाशा (आराखड्यातला त्या गटापुरता नकाशा) पाहावा. दुसरं पान आणि भाग नकाशा त्याने कुणालाच दिला नव्हता. नकाशात पिवळा, म्हणजे निवासी, पट्टा गटाच्या पुढच्या बाजूला आहे. तो शेतकऱ्याने स्वतःकडे ठेवला. विकायला काढलेले प्लॉट सगळे मागचे, काही हिरव्या पट्ट्यात, काही थेट रस्त्यात.

अख्ख्या गटाला एकच झोन असतो, असं बहुतेकांना वाटतं. पण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ खाली जो विकास आराखडा होतो, त्यातली रेषा शेताच्या बांधावरूनच जाईल असं नसतं. ती शेत मधोमध कापूनही जाते. सातबारा महसूल खात्याचा. त्यावर मालक, क्षेत्र, पीक दिसतं, आराखड्यातला झोन किंवा रस्ता दिसत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, पण तिथे बांधकाम होईल का हे तो पाहत नाही. मुद्रांक शुल्क भरलं, फोटो-अंगठे झाले, इंडेक्स टू (दस्त नोंदवल्याचा उतारा) हातात आला, तरी यातून बांधकामाचा हक्क मिळत नाही. महसूल, नोंदणी आणि नगररचना या खात्यांच्या मधली ही फट एजंटांना पक्की ठाऊक असते आणि त्यांचा सगळा धंदा तिथेच चालतो.

मागच्या भागाबद्दल फारच खोदून विचारणाऱ्याला आमचा एजंट मोबाइलमधला एक फोटो दाखवायचा. प्रारूप, म्हणजे अजून मंजूर न झालेल्या आराखड्याचा. त्यात मागचा भागही पिवळा होता, हे खरं. पण प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचना येतात, सुनावणी होते, शासन मंजुरी देताना बदल करतं, काही भाग वगळूनही ठेवतं. मंजूर आराखड्यात तो भाग हिरवा होता. ‘प्रस्तावित आर झोन’ (आर म्हणजे रेसिडेन्शियल, निवासी) अशी जाहिरात दिसली की एवढंच समजा: आज तिथे आर झोन नाही.

खरेदीखतही आमचं एकट्याचं झालं नाही. ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे विकायला आडकाठी करणाऱ्या तुकडेबंदी कायद्याची अडचण टाळायला त्याने बऱ्याच जणांची नावं एका दस्तात घातली, सामाईक क्षेत्र म्हणून. जमिनीवर चुन्याच्या रेषा, सिमेंटचे खांब, अंतर्गत रस्त्याला मुरूम, सगळं होतं. मंजूर रेखांकन (प्लॉट पाडण्याचा सरकारमान्य नकाशा) मात्र नव्हतं, त्यामुळे आमचा प्लॉट नेमका कुठला हे एकाही सरकारी कागदावर नाही. रेराचं, म्हणजे स्थावर संपदा कायद्याखालच्या प्रकल्प नोंदणीचं विचारल्यावर म्हणाला, “शेतकऱ्याची जमीन आहे काका, रेरा बिल्डरला लागतो.” हे साफ खोटं. रेराच्या २०१६ च्या कायद्यातली सूट ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला आहे, म्हणजे पाच गुंठ्यांच्याही आत. त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायचे तर नोंदणी लागते, विकणारा कुणीही असो.

बांधकाम परवानगीसाठी वास्तुविशारदाकडे गेलो तेव्हा त्यांनी मोजणी नकाशा भाग नकाशावर बसवला आणि सगळं उघड झालं. एजंट म्हणाला, गुंठेवारीत करून देतो, म्हणजे विनापरवानगी पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याच्या कायद्याखाली. गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, पण ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी आहे. आमचे प्लॉट त्यानंतर पाडलेले. त्यालाही हे माहीत होतं.

सगळ्यात जास्त संताप येतो तो खरेदीखतातल्या एका कलमाचा: ‘झोन, आरक्षण व रस्त्याबाबत खरेदीदाराने स्वतः खात्री केली आहे.’ छापील मजकुरात, चतुःसीमेनंतर, बारीक अक्षरात. एजंटचं नाव दस्तात साक्षीदार म्हणूनही नाही. त्यामुळे पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, हे दिवाणी स्वरूपाचं आहे. ज्या माणसाने आयुष्यभर पै-पै जोडली त्याला हे ऐकावं लागलं.

म्हणून कळकळीने सांगतो. दाखला एजंटकडून घेऊ नका. सातबारा आणि मोजणी नकाशा जोडून महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः अर्ज करा. महापालिकेच्या हद्दीबाहेर असाल तर नगर रचना खात्याच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात. झोन दाखला आणि भाग नकाशा दोन्ही मागा, आणि नकाशावर आपला तुकडा वास्तुविशारदाकडून बसवून घ्या. नदी-ओढा जवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा) त्याच वेळी तपासा. निवासी झोनमध्ये असूनही निळ्या रेषेच्या आत असलेली जमीन बांधकामाला उपयोगाची नाही. ‘सगळ्यांनी घेतलंय, तुम्हीच शंका काढताय’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. इसार देतानाच लिहून घ्या, की अमुक क्षेत्र निवासी विभागात आहे अशी हमी विक्रेता देतो आणि तसं नसल्यास रक्कम परत करेल. हमी द्यायला नकार मिळाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आमची लढाई चालू आहे. अर्धा दाखला व्हॉट्सॲपवर आलेला असल्याने तो तारखेसह शाबूत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली केलेल्या तक्रारीत तोच आमचा मुख्य पुरावा आहे. आम्ही रेरा प्राधिकरणाकडेही स्वतंत्र तक्रार केली आहे. सामाईक सातबाऱ्यावरच्या इतरांनी आपापले मेसेज आणि बँकेच्या नोंदी काढायला घेतल्यावर पोलिसांनी सर्वांचे जबाब एकत्र घेतले. अशा प्रकारात अडकलेल्यांनी एकेकटं समझोत्याला जाऊ नका. आधी दस्तातल्या बाकीच्या नावांना गाठा.