अंदमानचं पॅकेज आणि दोन दिवसांत रद्द झालेली तिकिटं

नाशिकमधून अंदमानला जाणारे बारा महिने असतात. भगूर इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी एकदा बघून यायची हे बऱ्याच घरांत आधीपासून ठरलेलं असतं. हॅवलॉक बेटाचं निळंशार पाणी त्याला नंतर जोडलं जातं. मागणी अशी पक्की असली की विकणारेही गल्लोगल्ली उगवतात. त्यांतले बरेच प्रामाणिक आहेत. खाली दिलंय ते एका अप्रामाणिकाचं प्रकरण. नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण नाव कळून उपयोग नाही. पद्धत कळायला हवी.

इंदिरानगरातली दोन कुटुंबं, माणसं सहा. दिवाळीनंतरची सहल, पाच रात्री सहा दिवस, माणशी 38,500 रुपये, मुंबईहून जाता-येता विमानासह. ऑगस्टमध्ये 60,000 आगाऊ दिले. विसाव्या तारखेला व्हॉट्सअॅपवर तिकिटाची पीडीएफ आली. सहा अक्षरी पीएनआर, सगळ्यांची नावं बरोबर. घरातल्या मुलीनं विमान कंपनीच्या साइटवर तपासलं, ‘कन्फर्म्ड’ दिसलं. मग सप्टेंबरात उरलेले पैसेही दिले. नोव्हेंबरमध्ये रात्री साडेदहाला टेम्पो ट्रॅव्हलर नाशिकहून निघाली आणि पहाटे तीनच्या सुमारास मुंबई विमानतळाच्या काउंटरवर समजलं, की हा पीएनआर 22 ऑगस्टलाच रद्द झालाय. एजंटाचा फोन बंद.

यात गोम अशी, की तिकीट खोटं नव्हतं. ते खरंच काढलेलं होतं आणि दोन दिवसांनी खरंच रद्द केलेलं होतं. रद्द करण्याचा दंड वजा होऊन उरलेली रक्कम एजंटाच्या खात्यात परत गेली, कारण तिकीट त्यानं आपल्या एजन्सीच्या खात्यातून काढलं होतं. रद्द झाल्याचा मेसेज कोणाला गेला? तोही त्यालाच. पीएनआरमध्ये मोबाइल आणि ईमेल त्याचेच होते. प्रवाशानं एकदा तपासलं, समाधान झालं, आणि पुढचे अडीच महिने ती पीडीएफ कपाटातल्या फाइलमध्ये निवांत पडून राहिली.

म्हणून पहिलं काम हे: पीएनआरमध्ये तुमचा मोबाइल नंबर घालायला लावा. एजंटाचा ईमेल असला तर असू द्या, मोबाइल तुमचा हवा. मग वेळ बदलली, विमान बदललं, काही रद्द झालं तर मेसेज थेट तुमच्या हातात येतो. ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर मान्य करू नका, सिस्टीम घेते. आणि तपासणी एकदा करून भागत नाही. पीडीएफ आली त्या दिवशी करा, शेवटचा हप्ता देण्याच्या दिवशी सकाळी करा, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात करा. मधली सर्वांत महत्त्वाची, कारण पैसे तेव्हा अजून तुमच्याकडे असतात. तपासायचं ते विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर, पीएनआर आणि आडनाव टाकून. एजंटानं पाठवलेल्या लिंकवर नाही. काही कंपन्यांच्या तिकिटावर पीएनआरखेरीज तेरा आकडी तिकीट क्रमांकही असतो, एअर इंडियाचा 098 ने सुरू होतो. तिथे नुसता पीएनआर आहे आणि हा क्रमांक नाही, तर जागा फक्त धरून ठेवलीय, तिकीट निघालेलं नाही.

इथे एक अडचण आहे आणि ठग नेमका तिच्यात घर करतो. मोठे घाऊक एजंट सुटीच्या तारखांना जागा आधीच उचलून ठेवतात. धंद्यात त्याला ‘सिरीज’ किंवा ‘ग्रुप फेअर’ म्हणतात. अशा तिकिटांवर प्रवाशांची नावं खरोखरच उशिरा, प्रवासाच्या थोडे दिवस आधी पडतात. त्यामुळे ‘काका, नावं पंधरा दिवस आधी पडतील, काळजी करू नका’ हे वाक्य सच्चा एजंटही म्हणतो आणि लबाडही म्हणतो. फरक कळायला एकच वाट: नावं पडेपर्यंत विमानाच्या भाड्याइतकी रक्कम हातची सोडायची नाही. सच्चा एजंट कुरकुर करेल, पण त्याला अर्थ कळतो. लबाड त्या दिवशी ‘आज पूर्ण भरलंत तर आठ हजार सूट’ असं काहीतरी काढतो. सूट जितकी घाईची, तितकी त्याची गरज मोठी असं समजावं.

सगळेच पहिल्या दिवसापासून पळून जायच्या तयारीनं बसलेले नसतात, हेही सांगायला हवं. स्वस्त दरात पॅकेज विकायचं, पुढे भाडं उतरेल या आशेवर राहायचं, भाडं उतरलं नाही की दिवाळीच्या माणसांच्या पैशांत गणपतीच्या माणसांची तिकिटं काढायची. याची टोपी त्याच्या डोक्यावर. चार महिने चालतं, पाचव्या महिन्यात शेवटची टोपी उघडी पडते. ग्राहकाच्या खिशाला मात्र या फरकाशी काही घेणंदेणं नाही.

आता या प्रकरणातलं बिल बघा, कारण त्यात फसवणूक नोव्हेंबरच्याही आधी छापून आलेली होती. सहा जणांचे 2,31,000. त्यावर जीएसटी 5 टक्के, 11,550. त्याखाली ‘टीसीएस 5 टक्के’, पुन्हा 11,550. त्याखाली ‘आयलंड परमिट’ माणशी 1,500 प्रमाणे 9,000. एकूण 2,63,100.

टूर पॅकेजवर 5 टक्के जीएसटी लागतो, ती ओळ ठीक. टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं ग्राहकाकडून आधीच घेतलेला आयकर, परदेशी सहलींच्या पॅकेजवर असतो. अंदमान भारतात आहे! तिथे जायला टीसीएसचा एक पैसाही लागत नाही. परदेशी सहलीत तो कापला, तर तुमच्या पॅनवर आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. इथे तो कुठेच दिसणार नव्हता. परमिटचंही तेच. पोर्ट ब्लेअर (सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम), हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, इथे भारतीय नागरिकाला परमिट लागत नाही. आदिवासींसाठी राखीव असलेल्या भागांची गोष्ट वेगळी, आणि तिकडे सहल नेतच नाहीत. बाराटांगला जाताना जारवांच्या राखीव जंगलातून ताफ्यानं जावं लागतं, त्यासाठी ओळखपत्राची माहिती भरून घेतात, पण तो माणशी दीड हजाराचा मामला नव्हे. म्हणजे 20,550 रुपये निव्वळ हवेचे. ज्यानं ही दोन कलमं लावली, त्याच्या बाकीच्या शब्दावर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

बिलावरचा जीएसटी क्रमांक दोन मिनिटांत वाचता येतो. पंधरा अक्षरं असतात. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, पुढची दहा म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण क्रमांकातलं सहावं, बघा: पी म्हणजे एकटा माणूस, एफ म्हणजे भागीदारी, सी म्हणजे कंपनी. दुकानाच्या पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहाव्या जागी पी, असं दिसलं तर तिथेच विचारा. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता हा क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे समजतं. ‘वीस वर्षांचा अनुभव’ आणि नोंदणी गेल्या मार्चची, हे कधीकधी खुलासा करता येण्याजोगं असतं, पण खुलासा मागा तरी. पैसे पाठवताना यूपीआयवर जे नाव उमटतं ते बिलावरच्या नावाशी जुळायला हवं. या प्रकरणात दुसरा हप्ता ‘भावाच्या खात्यावर टाका, आमचं लिमिट संपलंय’ म्हणून वळवला होता. विमानाची रक्कम शक्यतो क्रेडिट कार्डावर द्या. सेवा मिळालीच नाही तर बँकेकडे तक्रार करून व्यवहार उलटवायची निदान एक वाट राहते. रोखीनं दिलेल्याला मागे फिरायची वाटच नाही.

हॉटेलचं व्हाउचर हा दुसरा कागद. एजंटाच्या लेटरहेडवर हॉटेलचं नाव छापलं म्हणजे खोली मिळाली असं होत नाही. हॉटेलचा फोन नंबर व्हाउचरवरून घेऊ नका, हॉटेलच्या साइटवरून घ्या, आणि रिसेप्शनला हे विचारा: या नावानं या तारखेला बुकिंग आहे का, खोली कुठल्या प्रकारची, जेवण कोणतं, आणि पैसे आलेत की नुसतं धरून ठेवलंय. शेवटचा प्रश्न विसरू नका. जेवणाच्या खुणा अशा: ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. तोंडी ‘सगळं खाणंपिणं आलं’ आणि कागदावर सीपी, हा प्रकार इतका नित्याचा आहे की त्याला फसवणूक म्हणावं की वहिवाट, असा प्रश्न पडतो. तसंच ‘अमुक रिसॉर्ट किंवा सिमिलर’. ‘सिमिलर’ खोडायला लावा, निदान कुठलं ते लिहून घ्या. हॅवलॉकवर किनाऱ्यांना नंबर आहेत: तीन नंबर गोविंदनगर, पाच नंबर विजयनगर, सात नंबर राधानगर. (गोविंदनगर नाशकातही आहे, तिथून समुद्र जितका जवळ तितकाच काही ‘बीचजवळच्या’ हॉटेलांपासून असतो.) हॉटेलचा पत्ता नकाशावर टाकून पाण्यापासूनचं अंतर स्वतः मोजा.

बोटीचं तिकीटही नावानिशी निघतं, ओळखपत्राच्या माहितीसह. खासगी क्रूझ आणि सरकारी फेरी यांच्या भाड्यात मोठी तफावत आहे. कोटेशनमध्ये खासगी लिहून प्रत्यक्षात सरकारी फेरीत बसवणं ही नेहमीची हातचलाखी. बोट कोणती, वेळ कोणती, वर्ग कोणता, हे आधी लेखी घ्या.

माणूस कितपत जाणकार आहे हे त्याच्या आखणीवरूनच कळतं. समजणारा एजंट पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि परत पोर्ट ब्लेअर असा फेरा लावतो आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवतो. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. वरच्या कोटेशनमध्ये सहाव्या दिवशी सकाळी हॅवलॉकहून बोट आणि दुपारी विमान असं लिहिलेलं होतं. ते लिहिणाऱ्याला एकतर अंदमान माहीत नव्हतं, किंवा ही सहल होणारच नाही हे माहीत होतं. दुसरं, तिथे सूर्य लवकर मावळतो, नोव्हेंबरात संध्याकाळी पाचच्या आसपासच. ‘संध्याकाळी सहाला राधानगरला सूर्यास्त’ असं छापलेला कागद कुणीतरी दुसऱ्याच गावच्या सहलीवरून उतरवलेला असतो.

फसवलं गेल्यावर बहुतेक जण पहिले चार दिवस एजंटाला फोन लावण्यात घालवतात. तसं करू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा आणि सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तरच ती गोठवता येण्याची शक्यता असते. हप्ते दोन-तीन महिन्यांपूर्वी गेलेत, तर त्या फोनकडून फार आशा धरू नये. पोलीस ठाण्यात ‘हा व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा’ असं ऐकायला मिळू शकतं. फसवणुकीच्या गुन्ह्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये, मुळातच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. इथेच ती 22 ऑगस्टची तारीख कामाला येते: तिकीट रद्द करून झाल्यावर सप्टेंबरात उरलेले पैसे मागितले. विमान कंपनीकडून तिकीट काढल्याची आणि रद्द केल्याची तारीख लेखी मागून घ्या आणि तक्रारीला जोडा.

समांतर वाट ग्राहक आयोगाची. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, काही एजंट तेवढ्यानंच हलतात. नाही हलले तर जिल्हा आयोग. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असली तर तिथे चालतं, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. 2019 च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो, म्हणजे एजंट पुण्याचा किंवा कोलकात्याचा असला तरी प्रकरण नाशिकमध्येच चालेल.

कागद आजच गोळा करा. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज समोरचा नंतर पुसून टाकू शकतो, म्हणून पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, स्क्रीनशॉटमध्ये समोरचा नंबर आणि तारीख दिसू द्या, आणि मूळ फोन विकू किंवा बदलू नका. मेसेज पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा नमुना वकील देतो. त्यात ज्या फोनमधून चॅट काढली त्याचा मेक, मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक भरायचा असतो. तो फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की येतो.