जांभ्या चिऱ्यातलं वाचनालय: काम चांगलं, पण झडीचा विचार कमी

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या गांडो गावात वास्तुकार फ्रान्सिस केरे यांनी 2001 मध्ये गावकऱ्यांकडून शाळा बांधून घेतली: मातीच्या विटा, वर उचललेलं पत्र्याचं छप्पर, मधून खेळता वारा. हे वाचनालय बांधणाऱ्या देवगडकडच्या कंत्राटदाराने तीच रीत चिऱ्यात सुरेख उतरवली आहे. चिरे भिजवून लावलेत, सांधे एकसारखे, भर दुपारीही आत गारवा.

पण छपराखालची फट पश्चिमेला उघडीच आहे, त्यामुळे झडीचं पाणी थेट आत येतं. तिथं छप्पर भिंतीपुढे निदान 3 फूट हवं. छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांना नुसता रंग दिलाय. खाऱ्या वाऱ्यात गंज धरणारच, त्याच्याकडून काम घ्याल तर जस्ताचा मुलामा द्यायला सांगा.

मोठी उणीव वेगळीच. गवंडी सगळे बाहेरचे. गांडोत बांधता बांधता गावाच्या हाती कसब आलं, तोच त्या कामाचा जीव. करारात गावातले दोन गवंडी सोबत घेण्याची अट घालाच.