चोर बाजारातलं बिनपाटीचं रेकॉर्डचं दुकान : आधी ऐका, मग घ्या

मागच्या वर्षी एका ऑनलाइन साइटवरून दोन एलपी मागवल्या होत्या, नाव घेत नाही, पैसे आधीच भरले आणि आल्या त्या पापडासारख्या वाकलेल्या, लावल्या की सुई नुसती वरखाली. परत घ्यायला तयारच नाहीत. तेव्हाच ठरवलं की यापुढे रेकॉर्ड हातात घेऊन, ऐकूनच घ्यायची. मुंबईत अजून असं एक दुकान आहे जिथे हे आरामात करू देतात म्हणून हे लिहितेय.

ग्रँट रोडला ईस्टला उतरून चालत चोर बाजारातली मटण स्ट्रीट गाठायची. दुकानाला पाटी नाही, दारात पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन ठेवलेला दिसला की तेच. शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात, त्या दिवशी रस्त्यावरचा जुमा बाजार असतो. आत जेमतेम चार माणसं उभी राहतात, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डी पुढे आणि जॅझ-रॉक मागच्या भिंतीला, सगळ्या उभ्या लावलेल्या, एकावर एक थप्पी नाही. ही गोष्ट फार महत्त्वाची, थप्पीत रेकॉर्डी वाकतात.

दुकानाचे मालक चाचा, त्यांचा एकच नियम, "पहले सुनो". रेकॉर्ड काढली की मऊ ब्रशने पुसतात, बल्बखाली तिरकी धरतात आणि चरा दिसला तर त्यावरून अलगद नख फिरवायला सांगतात. नखाला लागला तर टिक टिक ऐकू येणार, नुसता डोळ्यांना दिसतोय तर बहुतेक वेळा काही होत नाही. एवढं कुठल्याच साइटने मला कधी सांगितलं नव्हतं.

मी गेले होते मामाबरोबर. मामा गिरगावातला, भजनाला पेटी वाजवतो, आणि १९७८ ला धोबी तलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा सॅक्सोफोनवाल्या सॉनी रॉलिन्सला समोर बसून ऐकलंय त्याने, तेव्हापासून जॅझचा नाद. त्याने जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची काइंड ऑफ ब्लू काढली, १९५९ ची रेकॉर्ड, ही कॉपी नंतर छापलेली असणार पण जुनीच. चाचांनी लावली. पहिलंच गाणं सो व्हॉट, मामा डोळे मिटून ऐकत होता आणि मध्येच म्हणाला, "अगं, हा तर काफी थाट आहे, पांढरी दोनवर, मधे सगळं उचलून काळी दोनवर नेतात आणि परत आणतात." (थाट म्हणजे रागसंगीतातला सुरांचा साचा, आणि पांढरी दोन, काळी दोन या पेटीच्या पट्ट्या.) मग त्याने मोबाईलवर तानपुरा ॲप काढून पांढरी दोन लावली, कानाशी धरली, आणि चेहरा बदलला. "सूर चढा आहे. पट्टीभर नाही, पण चढा आहे."

मला वाटलं चाचांचं मशीनच फास्ट असेल. चाचा काही बोलले नाहीत, रेकॉर्ड पलटली आणि मामाला म्हणाले आता लावा तानपुरा. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं ऑल ब्लूज, पांढरी पाच. एकदम जुळलं! मशीन तेच, रेकॉर्ड तीच, एक बाजू चढी आणि एक बरोबर. कारण असं की पहिल्या बाजूची तिन्ही गाणी २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कला रेकॉर्ड झाली आणि त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे ती टेप नीट स्पीडला वाजवली की गाणी जरा पळतात आणि सूर वर जातो. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तेव्हा मशीन ठीक होतं. ही चूक सुधारली १९९२ मध्ये, २ मार्चलाच शेजारच्या मशीनवर जी जादा टेप काढून ठेवली होती ती वापरून. म्हणजे तानपुऱ्यावरून कळलं की मामाच्या हातातली कॉपी जुन्या टेपवरनं काढलेली आहे. मी हे वाचलं होतं कधीतरी, पण असं कानाने पकडलेलं पहिल्यांदाच पाहिलं, अंगावर काटा आला.

बाजूला डोंबिवलीचा एक पोरगा होता, पक्का रॉकवाला, त्याला कव्हरांचं वेड. लेड झेपेलिन या रॉक बँडचा तिसरा अल्बम काढून आम्हाला दाखवला, कव्हरला भोकं आहेत आणि आत पुठ्ठ्याची चकती, कडेने फिरवली की भोकांतली चित्रं बदलतात. चकती अजून फिरत होती, कडेला बोटांचे डाग पडून पुठ्ठा मऊ झालेला. मामा त्याला जॅझ ऐकवायला बघत होता, तो मामाला सांटाना हा रॉक बँड. मग चाचांनी माइल्सची बिचेस ब्रू आणि सांटानाची अब्राक्सास काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही १९७० च्या आणि दोन्हींवरची चित्रं एकाच माणसाची, माटी क्लारवाइन. तसेच गच्च रंग, तशीच अंगं. मोबाईलवर अंगठ्याएवढं चित्र बघून हे कधी लक्षात आलं असतं का? पोराने बिचेस ब्रू घेतली, मामाने अब्राक्सास हातात धरून दोनदा खाली ठेवली आणि शेवटी घेतलीच.

आता तक्रारी. किमती कशावरच लिहिलेल्या नाहीत, प्रत्येक वेळी विचारावं लागतं, आणि नवीन माणसाला जरा जास्तच सांगतात असं मला तरी वाटलं. पंखा एकच. दोन-तीन कव्हरांना ओल लागून आत बुरशी आलेली, मुंबईच्या पावसात हे होणारच पण निदान वेगळी काढून ठेवायला हवीत. घरी आणल्यावर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने पुसा, मधल्या लेबलला पाणी लागू देऊ नका. आणि जुन्या ७८ स्पीडच्या लाखेच्या रेकॉर्डींना स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते.

काइंड ऑफ ब्लूचे अठराशे सांगितले, पंधराशेला दिली. मी मामाला विचारलं, सूर चढाय तरी घेणार? म्हणाला, "अगं, तेहेतीस वर्षं जगाने हीच ऐकली ना." घरी जाऊन त्याने पेटी काढली, पहिल्या बाजूला पेटी काही लागेना म्हणून दुसरी बाजू लावली आणि रात्री साडेअकरापर्यंत पांढरी पाचवर वाजवत बसला होता.