ऑक्सिजन सेन्सर: घरी बदलायचा, उद्यमनगरला न्यायचा की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला?

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि कुणीतरी स्कॅनर लावून ‘ओटू सेन्सर गेलाय’ (म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) असं सांगितलं, की कोल्हापुरात तीन वाटा समोर असतात: घर, गॅरेज आणि वर्कशॉपांचं उद्यमनगर, नाहीतर कंपनीचं सर्व्हिस सेंटर. माझं मत आधीच सांगून टाकतो. दोष शोधायचं काम घरीच करा. खोलायचं काम कुठं करायचं, ते गाडीचा गंज आणि सेन्सरची जागा बघून ठरवा. ही दोन कामं वेगळी आहेत. एकच समजून गाडी लावून आलं, की चांगला सेन्सरही बदलला जातो.

शोधायला लागतो तो ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारा छोटा स्कॅनर. हजाराच्या आतबाहेर मिळतो, स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवर कोड दाखवतो. साध्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत बहुधा दोनच सेन्सर असतात: धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी एक, नंतर एक. पी ०१३५ म्हणजे पहिल्याच्या हीटरचं (सेन्सरला आतून तापवणाऱ्या तारेचं) सर्किट, पी ०१४१ म्हणजे दुसऱ्याच्या. यात आधी फ्यूज बघा. मग कनेक्टर काढून सेन्सरकडच्या एकाच रंगाच्या दोन वायरींवर, बहुतेक वेळा पांढऱ्या, मल्टिमीटर लावा. थंड असताना काही ओहम दाखवले तर हीटरची तार शाबूत आहे. काहीच दाखवलं नाही तर हीटर तुटलाय, सेन्सर बदलायचाच.

पी ०१७१ आला म्हणून मात्र सेन्सर घेऊ नका. मिश्रणात हवा जास्त आहे एवढंच तो कोड सांगतो. इनटेकचा होज फाटला असेल किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सरची गॅस्केट फुंकत असेल, तरी तोच येतो. पी ०४२० चंही तसंच: तो कन्व्हर्टरचं काम कमी पडल्याचा कोड आहे.

खरी परीक्षा लाइव्ह डेटात, म्हणजे इंजिन चालू असताना मोबाइलवर दिसणाऱ्या सेन्सरच्या आकड्यांत होते. इंजिन चांगलं तापवा आणि दोन-अडीच हजार आरपीएमला धरा. पहिल्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा वर-खाली पळायला हवा. एकाच जागी अडकला किंवा रेंगाळत हलायला लागला, तर शंका रास्त. दुसऱ्याचा आकडा उलट बराचसा स्थिर असावा. काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड जातीचा, म्हणजे मिश्रणाचं प्रमाण नेमकं मोजणारा असतो. तो असा नाचत नाही, आणि त्याच्या जागी साधा चालत नाही.

आपल्याकडची एक खास गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या बऱ्याच गाड्या पुढं सेकंडहँड बाजारात आल्या. अशा गाडीत सेन्सरवर आळ घेण्याआधी कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवा थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुन्हा तपासा. काम तिथंच मिटू शकतं.

आता खोलणं. पुढचा सेन्सर काही गाड्यांत बॉनेट उघडल्या उघडल्या ग्रिलच्या मागे दिसतो. तसा असेल तर घरचा गडी हे सहज करतो. लागतो २२ चा पाना. वायर बाहेर काढायला खाच असलेलं सॉकेट मिळालं तर उत्तम. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी इंजिन दोन-चार मिनिटं चालवून बंद करा, हातमोजे घाला आणि कनेक्टर काढून पाना लावा. सुटताना ‘कट्ट’ असा आवाज आला की जमलं. नुसताच दाब वाढतोय, षटकोनाच्या कडा गोल व्हायला लागल्या, तर तिथंच थांबा. नवा आधी हातानं बसवा, मग सुमारे ४० न्यूटन-मीटरनं आवळा. आट्यांवर ते जाम होऊ न देणारी पेस्ट बहुधा कंपनीनंच लावलेली असते. नसली तर लावा, पण टोकाला लागू देऊ नका. जवळपास सिलिकॉनचा स्प्रे नको, त्यानं सेन्सर मरतो. शेवटी वायर तापलेल्या पाइपाला टेकणार नाही अशी क्लिपेत अडकवा.

मागचा सेन्सर गाडीखाली असतो. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं धाडस अजिबात करू नका. स्टँड किंवा रॅम्प नसेल, तर हे काम सरळ मेस्त्रीकडं द्या.

उद्यमनगरची बाजू इथं भारी पडते. गॅसची ज्योत मारून बसलेला नट तापवून सोडवतात, आणि आटे गेलेच तर शेजारीच टर्नर असतो. १८ गुणिले दीडचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. फक्त वायर कापून जोडायचा ‘युनिव्हर्सल’ सेन्सर घेऊ नका, जरी स्वस्त असला तरी. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा वायरीतूनच मिळते. सोल्डरनं ती वाट बुजली की रीडिंग चुकतं. पार्ट नंबर जुळवून, मूळ कनेक्टरसह बॉश, डेन्सो किंवा एनटीकेचा आपणच घेऊन जा आणि फक्त मजुरी ठरवा. काही मेस्त्रींना हे आवडत नाही. मग दुसरा बघायचा.

सर्व्हिस सेंटर मला दोनच वेळा पटतं: गाडी वॉरंटीत असेल तेव्हा आणि वाइडबँडचा नेमका पार्ट बाहेर मिळत नसेल तेव्हा. पार्टची खात्री आणि पक्कं बिल मिळतं, मजुरी जास्त पडते. कनेक्टरच्या पिना घासत बसायला तिथं सहसा कुणाला वेळ नसतो. दोन्ही सेन्सर एकदम बदलायचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्याचा कोड दाखवायला सांगा.

कुठलीही वाट धरा, पण महिनोन्‌महिने दिवा तसाच ठेवून फिरू नका. सेन्सर चुकीचं सांगत राहिला तर पेट्रोल जास्त जातं आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर तापवून निकामी करतं. तो पार्ट सेन्सरच्या कितीतरी पट महाग आहे. बदलून झाल्यावर कोड पुसा, पुण्याच्या रस्त्यानं किणी टोलनाक्यापर्यंत जाऊन या आणि मोबाइलवर पुन्हा तेच व्होल्टचे आकडे बघा.