व्होल्गोग्राडचं ‘पाम्यात’ संग्रहालय: पाउलुस पकडला गेला ते तळघर

व्होल्गोग्राडला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडला गेलात तर युद्धस्मारकाच्या मामायेव टेकडीवरून थेट स्टेशन गाठू नका. शहराच्या मध्यभागी, जुन्या उनिव्हरमाग दुकानाच्या तळघरात ‘पाम्यात’ हे छोटं संग्रहालय आहे. जर्मन सहाव्या सैन्याचा सेनापती फ्रीडरिश पाउलुस ३१ जानेवारी १९४३ ला इथेच पकडला गेला. त्याची खोली पुतळ्यांसह उभी केली आहे. मला ती बघवेना, पण तिथून हलावंसंही वाटेना.

जाण्याआधी त्याची कारकीर्द मात्र वाचून जा. हा माणूस मुळात स्टाफ ऑफिसर, म्हणजे मुख्यालयात बसून योजना आखणारा. पोलंडच्या मोहिमेत जनरल रायशेनाऊचा चीफ ऑफ स्टाफ, पुढे जर्मन सेनेच्या जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डर याच्या हाताखाली सोव्हिएत संघावरच्या हल्ल्याच्या योजनेचं काम. जानेवारी १९४२ मध्ये सहावं सैन्य त्याच्याकडे आलं, तोवर युद्धात त्याने एक डिव्हिजनसुद्धा (हजारो सैनिकांची तुकडी) चालवलेली नव्हती. हे माहीत असलं की या खोलीतला माणूस कळायला लागतो.

नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडजवळ सहाव्या सैन्याला सोव्हिएत सेनेचा वेढा पडला. वेढा फोडून बाहेर पडण्याची परवानगी त्याने मागितली, हिटलरने नाकारली आणि हा थांबला. त्याच्याच हाताखालचा कोअर कमांडर (काही डिव्हिजनचा प्रमुख) सायडलिट्स म्हणत होता, हुकुमाची वाट बघू नका, निघा. सैन्याला रोज किमान ३०० टन रसद हवी होती. विमानांनी सरासरी त्याच्या निम्मीही पोहोचली नाही. तरी ८ जानेवारीला सोव्हिएत सेनेने शरणागतीच्या अटी दिल्या, त्या त्याने धुडकावल्या. मला सगळ्यात जास्त राग येतो तो या निर्णयाचा. पुढचे तीन आठवडे सैनिक उपासमारीने आणि थंडीने मरत राहिले. ३० जानेवारीला हिटलरने त्याला फील्ड मार्शल केलं, कारण तोवर एकही जर्मन फील्ड मार्शल शत्रूच्या हाती लागला नव्हता. इशारा उघड होता: पकडला जाण्याआधी जीव दे. पाउलुसने आत्महत्या केली नाही. शरणागतीची बोलणी मात्र त्याच्या माणसांनी केली, तो आतल्या खोलीतच राहिला.

सुमारे ९१,००० जर्मन सैनिक कैद झाले, त्यांतले जेमतेम सहा हजार घरी परतले. पाउलुस १९५३ मध्ये सुटला आणि ड्रेस्डेनमध्ये राहिला.

मुलांना नेत असाल तर आधी थोडं समजावून सांगा. व्होल्गाकाठचं पॅनोरमा संग्रहालय वेगळं आहे आणि बरंच मोठं, ते त्याच दिवशी उरकू नका. आधी तळघर, दुसऱ्या दिवशी पॅनोरमा.