इतिहासाच्या एम. ए. प्रवेशाचे अर्ज भरून देणारे केंद्र: आमचा अनुभव

माझी भाची परभणीहून बी. एस्सी. झाली आणि एक वर्ष घरी थांबल्यावर तिने इतिहासात एम. ए. करायचे ठरवले. छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ आणि दिल्ली-हैदराबादची केंद्रीय विद्यापीठे, अशा दोन्हीकडे अर्ज करायचे असल्यामुळे आम्ही एका प्रवेश मार्गदर्शन केंद्राकडे गेलो. परीक्षा शुल्क सोडून त्यांनी ६०० रुपये घेतले.

संभाजीनगरच्या अर्जाचे काम त्यांनी चोख केले. काउंटरवरच्या बाईंनी गुणपत्रक पाहताच पहिला प्रश्न विचारला, “टीसी आणि मायग्रेशन काढलं का?” परभणीची महाविद्यालये १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली असल्यामुळे, मराठवाड्यातल्या मराठवाड्यातच शिकायला जायचे असले तरी कागदोपत्री विद्यापीठ बदलते आणि म्हणून मायग्रेशन प्रमाणपत्र लागते, ही गोष्ट आमच्या ध्यानीमनीही नव्हती. मधल्या वर्षासाठी गॅपचे प्रतिज्ञापत्र लागेल, हेही त्यांनीच सांगितले. फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसवण्याचे किचकट काम तिथल्या मुलाने पाच मिनिटांत उरकले.

केंद्रीय विद्यापीठांच्या बाबतीत मात्र या केंद्राचे ज्ञान तोकडे निघाले. विज्ञान शाखेच्या पदवीवर इतिहासाला प्रवेशच मिळत नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. वास्तविक हा नियम विद्यापीठागणिक बदलतो आणि इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठात तर कोणत्याही शाखेची पदवी चालते. पात्रतेचे पान आम्ही त्यांच्यासमोर उघडून दाखवले, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला. त्यानंतर प्रवेश परीक्षेचा “पेपर मराठीत देता येईल” असेही आश्वासन मिळाले. बारावीनंतरची सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, मराठीतही देता येते, हे खरे, पण एम. ए. साठीच्या सीयूईटी-पीजीत इतिहासाची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा, अशा परीक्षेत प्रश्नाची भाषा नीट समजणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको. भाचीचे सगळे वाचन मराठी-इंग्रजीत झालेले असताना त्या मुलाने तिला न विचारता हिंदीवर टिचकी मारली. राज्याचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र सगळीकडे चालते, हा त्यांचा सल्लाही चुकीचाच होता. केंद्रीय संस्थांमध्ये ओबीसी प्रवर्गासाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि ते तहसीलमधून वेगळे काढून घ्यावे लागते.

भाषेची चूक आम्हाला घरी प्रिंट वाचताना दिसली. दुरुस्तीची मुदत सुरू झाल्यावर केंद्राने त्यासाठी आणखी १०० रुपये मागितले. चूक त्यांची असल्याने ते द्यायला मी नकार दिला आणि दुरुस्ती मोबाइलवर स्वतःच करायला बसलो. तेव्हा लक्षात आले की नोंदणी करताना ईमेल आणि मोबाइल क्रमांक, दोन्ही केंद्राचेच टाकलेले होते. ओटीपीसाठी मी त्यांना तीनदा फोन केला. चौथ्या वेळी भाची स्वतः दुकानात जाऊन उभी राहिली, तेव्हा तो मिळाला.